भिंत चाखणारे रज्जाकमिस्त्री

रज्जाकमिस्त्रींना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते भिंत चाटत होते.

'चाटत' हा शब्द जरा जास्त झाला असेल. पण भरदुपारी विटेला जिभेचं टोक लावून, डोळे मिटून उभा असलेला पांढऱ्या दाढीचा माणूस पाहिल्यावर दुसरा शब्द सुचत नाही. मी ऑफिसच्या जीपमधून उतरले होते, काखेत फाईल होती आणि तीनच्या आत बीडला परतायचं होतं. त्यांनी जीभ आत घेतली, बाजूला थुंकले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "खारट हाय. लई खारट. तुमी बगता का?"

मी नको म्हणाले.

चौसाळ्याकडच्या एका फाट्यावरून आत वळलं की हे गाव लागतं. नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथले सरपंच वाचनाचे शौकीन नसले तरी त्यांना वाचून दाखवणारे पुष्कळ आहेत. गावाच्या तोंडाशी जुनी वेस. खाली कमरेपर्यंत काळ्या दगडाच्या दोन जाड भिंती, वर विटांची कमान, कमानीवर एक बसकी खोली. ग्रामपंचायतीने ठराव केला होता की कमानीला भेग गेली आहे, वेस कधी कुणाच्या डोक्यावर येईल सांगता येत नाही, तरी ती पाडून रस्ता रुंद करावा. मी कनिष्ठ अभियंता. माझं काम एवढंच, की वेस बघायची, 'धोकादायक' लिहायचं आणि सही करायची. निघताना साहेब म्हणाले होते, "फार खोलात जाऊ नका." खरं सांगायचं तर खोलात जायची मलाही हौस नव्हती.

"तुम्हाला कुणी बोलावलं?" मी विचारलं.

"कुनी न्हाई. मोंढ्यात आयकलं का वेस पाडनार हायत. बसनं आलतो बीडहून."

"तुमचा काय संबंध हिच्याशी?"

"हाय थोडा," ते म्हणाले आणि खिशातून एक बारीक लोखंडी सळई काढून भिंत ठोकायला लागले. टक, टक, टक, आणि मग एकदम बद्द. बद्द वाजलं की ते थांबायचे, कोळशाने फुली मारायचे आणि पुढे सरकायचे. पंधरा मिनिटांत हात पोचेल तिथवर कमान फुल्यांनी भरली. मग एके ठिकाणी गिलावा गळून उघडी पडलेली वीट दाखवून म्हणाले, "नख लावा."

मी नख लावलं. नख आत गेलं. वीट कसली, भिजलेलं बिस्किट होतं ते.

"हिला म्हातारपन न्हाई लागलं म्याडम. हिचा दम कोंडलाय. वरून समदी शिमिटात गुंडाळलीय. पानी आत शिरतंय, पन भाईर पडाया वाट न्हाई. मग मीठ धरतंय. त्या मिठानं विटंचं पीठ व्हतंय. दगडाला धाड भरली न्हाई अजून."

इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत मला चुन्यावर अर्धं पान शिकवलं होतं आणि ते परीक्षेला आलं नव्हतं. त्या दिवशी मी फाईलवर 'सविस्तर पाहणी आवश्यक' असं लिहिलं. सरकारी भाषेत याचा अर्थ 'आज नको' असा होतो.

वेशीला लागूनच बालाजीचं चहाचं टपरं आहे. मी दोन चहा सांगितले. मिस्त्रींनी हात आडवा केला. "मला नगं. हितला चहा न्हाई पीत मी." मला वाटलं रोजा असेल. पण दहा मिनिटांनी त्यांनी फडक्यातली भाकरी सोडली, कांदा बुक्कीनं फोडला आणि ठेच्याबरोबर मजेत जेवले. बालाजी मला हळूच म्हणाला, "म्याडम, त्यांना इचारू नका. मागंबी आलते तवा असंच. माझा चहा काय इतका वंगाळ न्हाई."

त्याचा चहा वंगाळ नव्हता. जरा गोड असायचा, एवढंच.

मिस्त्री तेव्हा सत्तरीला टेकले होते. अंगाने काटकुळे, डोक्यावर विणलेली टोपी, उन्हाळा असो की हिवाळा, अंगात बिनबाह्यांचा एक तपकिरी स्वेटर. त्याच्या दोन्ही खिशांत त्यांचं सगळं ऑफिस मावायचं. सळई, सुतळी, पितळी ओळंबा, कोळसा, आणि कागदाच्या पुडीत गूळ. तो गूळ चुन्यात घालायचा नमुना म्हणून असायचा, पण तलफ आली की नमुना कमी व्हायचा. एखाद्या माणसाबद्दल मत विचारलं तरी ते वाजवून बघितल्यासारखे क्षणभर थांबायचे आणि म्हणायचे, "बद्द हाय." आमच्या साहेबांना एकदाच भेटले. बाहेर आल्यावर मी विचारलं, कसे वाटले? म्हणाले, "वरून गिलावा चांगला हाय."

संबंध 'थोडा' नव्हता हे मला तिसऱ्या खेपेला कळलं. कमानीच्या आतल्या अंगाला, खांद्याएवढ्या उंचीवर, सिमेंटमध्ये खिळ्याने कोरलेली अक्षरं दिसली. 'र. मिस्त्री, बीड'. ओल्या गिलाव्यात नाव लिहायची गवंड्यांना सवयच असते.

"हा र. मिस्त्री कोण? त्याला धरायला पाहिजे," मी चिडून म्हणाले.

"धरा की," ते म्हणाले. "उभाय समोर."

ते खाली बसले आणि सळईने मातीत रेघा ओढत बोलत राहिले.

"जवानीतलं काम हाय ते. माजं पयलं, एकट्याचं. आमचे अब्बा चुन्याचे कारागीर. पन दम्यानं खाटंवर पडलते. गाववाले म्हनले, वेस जुनी दिसती, चांगली चकाचक करा. मी म्हनलं चुना कोन कालवत बसतंय महिनाभर? शिमिट आना. आठ दिसात पुरी वेस गुळगुळीत केली. माझा सत्कार झाला म्याडम, हितंच. शेला दिला, नारळ दिला, ष्टीलच्या गिलासात चहा दिला. घरी जाऊन अब्बाला सांगितलं. ते म्हनले, दम घ्यायला जागा ठिवली का तिला? मी हसलो. म्हनलं अब्बा, भित काय दम घेती व्हय?"

त्यांनी मातीतल्या रेघा तळव्याने पुसल्या.

"अब्बा गेले. मग बऱ्याच वर्सांनी एकदा वरातीत आलतो गावात. वेशीखाली उभं ऱ्हायलो, तर खांद्यावर लाल भुगा पडला. बोट लावून चाखला. खारट. तवाच कळलं. तवापासून हितला चहा न्हाई पिलो. वेस धड व्हईल तवा पीन, न्हाईतर न्हाई."

त्या दिवशी परतताना जीपमध्ये मी फाईल उघडली नाही. एका म्हाताऱ्या माणसाला त्याची चूक डोळ्यांदेखत पाडली जाण्याआधी दुरुस्त करायची होती आणि ते माझ्या सहीवर अडलं होतं. मला त्या सहीची पहिल्यांदाच भीती वाटली.

पुढे परवानगी आणि निधी कसा आला ती रामकहाणी वेगळी. साहेबांनी अट घातली ती अशी की गिलावा काढा, चुन्याने दुरुस्ती करा, पण कमानीची मुख्य भेग एक पावसाळा उघडी ठेवून तिच्यावर काचा बसवा. भेगेच्या दोन काठांना चिकटवलेली काचेची पट्टी ही जुनीच युक्ती आहे. भेग केसभर जरी हलली तरी काच तडकते. "तीन काचा बसवा. एक जरी फुटली तरी वेस उतरवायची. आणि खाली सही तुमची," साहेब म्हणाले.

काम सुरू झालं आणि पहिल्याच दिवशी भांडण. मजुरांनी गिलावा फोडायला कुठून तरी धडधडणारं यंत्र आणलं. मिस्त्री त्या यंत्रासमोर मांडी घालून बसले. "पयलं मला फोडा," म्हणाले. "अबे, आत पीठ झालंय, तिला हादरा देतो का?" यंत्र गेलं, छिन्नी-हातोडी आली. यंत्राने जे काम आठ दिवसांत झालं असतं ते दीड महिना चाललं आणि त्यातला निम्मा गिलावा मिस्त्रींनी स्वतः काढला. नाव कोरलेला तुकडा त्यांनी शेवटी काढला, अख्खा, ताटाएवढा. मजूर तो ढिगावर टाकायला निघाला तर म्हणाले, "फेकू नगं. बालाजीकडं ठिव. मला दिसला पायजे." बालाजीने तो आपल्या पाण्याच्या रांजणावर झाकण म्हणून टाकला.

चुन्याच्या बाबतीत मिस्त्री म्हणजे खाष्ट सासू. खड्ड्यात कळीचा चुना भिजत घातला तो महिनाभर कुणाला हात लावू दिला नाही. सरपंच रोज येऊन विचारायचे, "कावून इतका उशीर ओ?" मिस्त्री म्हणायचे, "चुन्याला तुमची घाई म्हाईत न्हाई." मग विटांची भुकटी, वाळू, बेलफळाचा गर आणि गुळाचं पाणी घालून मळणं. बेलफळं पाहून गावातल्या बायकांना वाटलं महादेवाचं काही आहे, त्यांनी आणखी दोन टोपल्या आणून दिल्या. गुळाच्या वासाने मुंग्यांची रांग लागली तेव्हा सरपंच म्हणाले की आता वेस मुंग्याच खातील. मिस्त्रींनी शांतपणे सांगितलं, "त्यांना कळतंय चांगलं काय ते." भरलेल्या सांध्यांवर ओली गोणपाटं बांधून तीन आठवडे पाणी मारायचं, ऊन लागू द्यायचं नाही. "बाळंतीन हाय ती," म्हणायचे, "वारा लागता कामा नये."

एक प्रसंग मात्र मी कुणाला फारसा सांगितलेला नाही.

काम चालू असताना त्यांनी मला विचारलं, "म्याडम, तुमी मूळच्या कुठल्या?" मी म्हणाले, दिंद्रुडच्या. मग आडनाव विचारलं. सांगितलं. ते खुश होऊन म्हणाले, "म्हंजी तुमी तर वेसकराच्या घरच्या. वेशीच्या मालकीन!"

माझं डोकंच फिरलं. मी म्हणाले, "मालकीण कसली, मिस्त्री? छप्पन्नच्या धर्मांतराआधी आमचे पणजोबा वेस राखायचे. रात्रभर जागायचं, दार उघडायचं, दार लावायचं, आणि राहायचं वेशीच्या बाहेर. पडली असती तरी आमच्यातल्या कुणी रडलं नसतं."

त्यांनी पुन्हा सळई उचलली. माफीबिफीही मागितली नाही. मी संध्याकाळी तणतणतच निघाले.

दोन दिवसांनी गेले तर मला हात धरून वेशीच्या बाहेरच्या अंगाला घेऊन गेले. तिथे गुडघ्याएवढ्या उंचीवर दगडात एक कोनाडा होता. "हा मीच इटांनी बुजवलता तवा. सपाट दिसावं म्हनून. काल खोलला." आत वाकून पाहिलं. कोनाड्याची वरची बाजू काळीकुट्ट होती. वर्षानुवर्षांच्या काजळीचा थर बसलेला.

"समदी वेस धुतली," ते म्हणाले, "हे न्हाई धुतलं. हितं बसून कुनीतरी दिवा लावून वेस राखली हाय. तुमच्या दिंद्रुडचा नसंल, पन तुमच्यातलाच कुनीतरी. त्याचं नाव कुटं लिवलेलं न्हाई. माझ्यावानी खिळ्यानं कोराया त्याला कुनी दिलं नसतं. एवढं काळं ऱ्हाऊ द्या."

मी त्या काजळीला बोट लावलं नाही. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते मात्र त्यांनी पाहिलं. "धूळ लई हाय हितं," म्हणत स्वतःच लांब गेले.

त्या दिवसापर्यंत वेस हे माझं काम होतं. त्यानंतर ती पडू नये असं मला मनापासून वाटायला लागलं, आणि तिथून माझी झोप उडाली.

तीन काचा बसल्या. पावसाळा बरा झाला. मी दर पंधरवड्याला जायची, शिडीवर चढायची, काचा बघायची. श्रावण गेला, गणपती गेले, परतीचा पाऊसही चार दिवस धो धो कोसळून गेला. तिन्ही काचा शाबूत. शेवटच्या तपासणीला आठ दिवस उरले होते. मिस्त्रींचं नेमकं तेव्हाच बीडला मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. मी भेटायला गेले तर डोळ्यावर पट्टी आणि तोंडात एकच, "मधली काच बगितली का?"

आणि दसऱ्यानंतर दोन दिवसांनी सकाळी बालाजीचा फोन आला. "म्याडम, मधली काच फुटली."

मी गेले तेव्हा वेशीखाली पन्नास माणसं जमली होती. सरपंचांच्या चेहऱ्यावर दुःख होतं, पण ते बद्द होतं. "आमी आधीच म्हनलतो," ते म्हणाले. "लेकरं जात्यात हितून. तुमी सही केली म्हनून गप बसलो." मी शिडीवर चढले. मधल्या काचेचे दोन तुकडे झाले होते, चीर अगदी मधोमध. साहेबांची अट, खाली माझी सही, आणि रोज इथून जाणारी शाळेची पोरं. वेस उतरवावी लागणार हे मला दिसत होतं, आणि ते मिस्त्रींना सांगायचं कुणी हेही कळत नव्हतं.

सांगावं लागलंच नाही. बारा वाजता बसमधून ते उतरले. डोळ्यांवर ऑपरेशनचा भलामोठा काळा चष्मा, सोबत वैतागलेली सून. "डाक्टरनं हलू नका सांगितलंय, आन् हे पळून निगालते," ती म्हणाली. मिस्त्रींनी सरळ शिडी धरली. दोघांनी खालून आधार दिला, सूनबाई ओरडत राहिली, ते चढले.

दिसत तर नव्हतंच. त्यांनी बोटांनी काच शोधली. तुटलेल्या जागेवरून नख फिरवलं, एकदा वरून खाली, एकदा खालून वर. मग खाली हात करून म्हणाले, "बसचं तिकिट द्या." सुनेने दिलं. त्या तिकिटाची कडा ते दोन तुकड्यांच्या मध्ये सारायला लागले. ती जाईना. पुन्हा प्रयत्न केला. जाईना.

"म्याडम, वर या. भेग हलली असती तर तुकडे लांब गेले असते. हितं कागुद शिरत न्हाई. आता वरची काच बगा."

वरची शाबूत होती. खालचीही.

"आता मधल्या काचंच्या वर हात लावा. इतभर वर. काय हाय?"

हाताला खिळा लागला. चुन्याच्या सांध्यात ठोकलेला नवा कोरा खिळा, त्याला पिवळ्या नायलॉनच्या दोरीचा तुकडा.

खाली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. दसऱ्याला वेशीवर बॅनर लागला होता, सरपंचांच्या वाढदिवसाचा. आदल्या संध्याकाळी तो उतरवला होता. गर्दीतून सरपंचांच्याच पुतण्याने मान खाली घालून सांगितलं, "एक खिळा निघंना, म्हनून हातोडी मारली. ती सटकली. कायतरी खळ्ळ झालं, पन अंधार पडलता."

कुणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळेच हसायला लागले, शेवटी सरपंचही. "आता माझ्या वाढदिवसानं वेस पडनार व्हती व्हय!" ते म्हणाले. मी शिडीवरच बसून घेतलं. छातीवरचा धोंडा उतरणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. मला रडूही येत होतं आणि त्या पुतण्याला एक ठेवूनही द्यावीशी वाटत होती.

पंचनामा केला, फोटो काढले, पुतण्याचा जबाब लिहून घेतला. साहेबांनी स्वतः येऊन तिन्ही काचा पाहिल्या, तिकीट घालून पाहिलं आणि 'भेग स्थिर' अशी सही केली. आठवड्याभरात मिस्त्रींनी ती भेग चुन्याने भरली. म्हणजे भरली मजुराने. मिस्त्री खाली काळा चष्मा लावून बसले होते आणि थापीच्या आवाजावरून त्याच्या चुका काढत होते. शेवटचं गोणपाट बांधून झालं तेव्हा उन्हं उतरली होती.

"झालं का?" त्यांनी विचारलं.

"झालं, मिस्त्री."

ते उठले, कमानीपाशी गेले, एक जुनी वीट बोटांनी चाचपली आणि जीभ लावली. आम्ही सगळे बघत होतो. सरपंचसुद्धा.

"हाय थोडं अजून," ते म्हणाले. "पन भाईर पडाया लागलंय. वाट घावली त्याला." मग वळून म्हणाले, "बालाजी, चहा टाक."

बालाजीच्या हातातलं भांडं पडता पडता राहिलं. त्याने दूध जास्त घातलं, आलं घातलं आणि कधी नव्हे ती साखर बरोबर घातली. कपबशी ठेवायला दुसरी जागा नव्हती म्हणून रांजणाच्या झाकणावर ठेवली. मिस्त्रींनी चाचपडत हात पुढे केला, तर कपाआधी बोटांना कोरलेली अक्षरं लागली. ते थांबले. एकेक अक्षरावरून बोट फिरवत गेले, 'र' पासून 'बीड' पर्यंत. मला धसका बसला, आता यांना वाईट वाटणार.

पण त्यांनी चहा बशीत ओतला, फुंकर मारली, मोठा भुरका घेतला आणि दाढी पुसत हसले.

"शिमिट वाईट न्हाई बरं का म्याडम," ते म्हणाले. "झाकनाला लई बेस हाय."